सव्वीस कार्डं, चौदा गिफ्ट्स आणि रिकामं पाकीट

पत्र:

ताई, नमस्कार. ऑगस्टमध्ये मिस्टरांचं काम सुटलं, तेव्हापासून घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय. दरवर्षी नाताळला आम्ही २६ घरांना कार्ड देतो आणि १४ जणांना गिफ्ट, त्यात सासरचे माहेरचे, मुलांच्या टीचर, शेजारी सगळे आले. यंदा विकत आणणं शक्यच नाही म्हणून सगळं हाताने करायचं ठरवलं आणि उत्साहात क्राफ्टचं सामान आणायला गेले, तर ग्लिटर, रिबिनी, पंचिंग मशीन आणि रंगीत कार्डशीट यांचंच बिल इतकं व्हायला लागलं की सगळं परत ठेवलं, रिकाम्या हाताने घरी आले आणि रडले. माझी चित्रकला यथातथाच. धाकटी ८ वर्षांची आहे ती खूश आहे, पण मोठा १३ चा, तो म्हणतो हाताने केलेलं दिलं की सगळ्यांना कळेल आपल्याकडे पैसे नाहीत. जाऊबाई दरवर्षी महागाची वस्तू देतात, त्यांचं काय करू तेही सुचत नाही. — हात आखडलेली आई

उत्तर:

सगळं सामान परत ठेवून आलात ना, फार बरं केलंत. रडू आलं ते साहजिक आहे पण त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते अगदी बरोबर केलंत, कारण हाताने केलेलं म्हणजे स्वस्त हा एक मोठा गैरसमज आहे आणि त्यात पुष्कळ जण फसतात. मी पण फसलेय. आमच्याकडे ओढाताणीची दोन वर्षं अशी गेली, त्यातल्या पहिल्या वर्षी मी चार प्रकारच्या गोष्टी करायला घेतल्या, प्रत्येकीला वेगळं सामान लागलं, प्रत्येकातलं अर्धं उरलं आणि २३ तारखेला रात्री दोन वाजता अर्धवट वाळलेल्या वस्तूंच्या ढिगात बसून हिशेब केला तर विकतच्यापेक्षा जास्त खर्च झालेला. दुसऱ्या वर्षी एकच नियम केला की या कामासाठी दुकानाची पायरी चढायची नाही, फक्त कागद आणि गोंद संपला तरच जायचं. ते वर्ष नीट गेलं. तुम्हाला मी जे सांगणारे ते सगळं त्या दुसऱ्या वर्षातलं आहे.

पण कागद कापायच्या आधी यादी कापा. २६ आणि १४ हे आकडे तुमच्या दोन पगारांच्या वर्षातले आहेत. आज मुलं झोपली की वही घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे लिहा की याला कार्ड हातात देणार, पोस्टाने पाठवणार की नुसता फोन केला तरी तो माणूस तितकाच खूश होईल. पोस्टाचा खर्च लोक धरतच नाहीत आणि कार्ड फुकटात करून तिकिटांवर पैसे जातात. गिफ्टच्या यादीत बघा, मोठ्यांनी मोठ्यांना द्यायचं हे बंद करता येईल का, किंवा घरातल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच द्यायचं असं करता येईल का. बऱ्याच घरांत सगळ्यांनाच हे मनातून हवं असतं, पण आधी कोणी बोलायचं म्हणून अडलेलं असतं. तुम्ही बोला, फक्त डिसेंबर लागायच्या आत बोला, म्हणजे कोणी खरेदी केलेली नसेल. जाऊबाईंचं शेवटी सांगते.

आता कार्डं. इथे मुद्दा पैशांपेक्षा वेळेचा आहे. एक कार्ड छान सजवून करायला सहज ४० मिनिटं जातात, म्हणजे २६ कार्डांना सतरा तासांच्या वर. नोकरी, घर आणि दोन मुलं सांभाळून हे तास तुम्ही आणणार कुठून? म्हणून डिझाइन एकच ठरवा, सगळ्यांना तेच. एका कार्डाला दहा मिनिटं धरली तर साडेचार तासांच्या आत सगळं होतं, म्हणजे दोन संध्याकाळी.

एकच डिझाइन सगळ्यांना देण्यात वाईट काही नाही हं, ख्रिसमस कार्डाची सुरुवातच तशी झालीय. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना नाताळात सगळ्या ओळखीच्यांना पत्रं लिहायला वेळ पुरेना, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, ते छापलं आणि हाताने रंगवून घेतलं. एकच चित्र, वर नाव लिहायला मोकळी जागा आणि खाली पाठवणाऱ्याची सही. मधल्या चित्रात एक कुटुंब टेबलाशी बसलंय आणि दोन्ही बाजूंना गरिबांना जेवण आणि कपडे देणारी माणसं दाखवलीत. उरलेली कार्डं त्यांनी एक शिलिंगला एक अशी विकली आणि त्या काळी ती किंमत सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. तर सांगायचं काय, पहिलं कार्डसुद्धा वेळ पुरत नाही या अडचणीतूनच आलंय.

कागदाचा हिशेब असा. एक ए४ कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं कार्ड तयार. म्हणजे २६ कार्डांना १३ जाड कागद, बिघडायचे धरून १५. जाड म्हणजे २०० ते २५० जीएसएमचा (जीएसएम हे कागदाच्या वजनाचं माप), प्रिंटरमधला नेहमीचा ८० चा कागद उभा राहत नाही, लगेच मान टाकतो. पण १५ कागद विकत आणायच्या आधी घरात शोधा, जुन्या फायलींची कव्हरं, भिंतीवरच्या कॅलेंडरची कोरी मागची बाजू, नव्या शर्टाच्या घडीत येतो तो पुठ्ठा, ड्रॉइंगच्या वहीतली शेवटची पानं. खाकी कागदाची पार्सलं येत असतील तर तो कागद जपून ठेवा, चुरगळलेला असला तर वाफ बंद करून कमी गरम इस्त्री फिरवा, सपाट होतो. खाकीवर पांढरा रंग इतका सुंदर उठतो की मुद्दाम महाग कागद आणून तसं दिसत नाही.

घडी नीट बसणं हे फार महत्त्वाचं. चित्र साधं असलं तरी घडी धारदार असेल तर कार्ड व्यवस्थित दिसतं, आणि घडी फाटली तर चांगलं चित्रही वाया जातं. कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. कागद दोन्ही हातांत धरून आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो ती धाग्याची दिशा आणि जमलं तर घडी त्याच दिशेला घाला. दुमडायच्या आधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढा, मग दुमडा आणि चमच्याच्या पाठीने घडीवरून एकदा जोरात फिरवा. बस, एवढंच. रिकामं पेन टाकून देऊ नका, या कामाला ते नव्या पेनपेक्षा चांगलं.

आता त्यावर काय काढायचं. तुम्ही म्हणताय चित्रकला यथातथाच, म्हणून मी तुम्हाला बटाट्याचा ठसाच सांगेन. लहानपणी सगळ्यांनी केलाय आणि बहुतेकांचा बिघडलाय, कारण बटाटा ओला असतो आणि रंग पातळ होऊन पसरतो. बटाटा एका झटक्यात सरळ कापा म्हणजे कापलेली बाजू अगदी सपाट येते, मग तो फडक्यावर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर कापलेली बाजू खाली करून पाच मिनिटं ठेवा, पाणी निघून जाऊ दे. मग बॉलपेनने आकार काढून बाजूचा भाग अर्धा सेंटिमीटर खोल कापून टाका. आकार साधाच हवा, एक लांबट त्रिकोण म्हणजे झाड झालं. पोस्टर कलर पाणी न घालता घ्या, बटाटा रंगात बुडवू नका, स्पंजच्या तुकड्याने ठशावर रंग थापा, पातळ आणि एकसारखा. पहिले दोन ठसे रद्दी कागदावर, तिसरा कार्डावर. सरळ खाली दाबायचं, न हलवता सरळ वर उचलायचं. तिसऱ्या ठशानंतर हात बसतो आणि मग तुमच्या लेकीकडे द्या, आठ वर्षांचं मूल हे काम आपल्यापेक्षा मन लावून करतं. ठसा कुठे कुठे नीट उठत नाही, मध्ये पांढरे ठिपके राहतात, ते तसेच राहू द्या, बर्फ पडल्यासारखं दिसतं. तीन झाडं शेजारी शेजारी, एक जरा वर एक जरा खाली, वर पेन्सिलच्या मागच्या रबराने उठवलेला एक पिवळा गोल ठिपका. कार्ड झालं. कापलेला बटाटा दुसऱ्या दिवशी सुरकुततो म्हणून ठसे एकाच बैठकीत उरकून टाका.

ग्लिटर नाही घेता आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. साधं ग्लिटर म्हणजे प्लास्टिकचा चुरा, ते लावलेलं कार्ड रिसायकलला जात नाही, आणि युरोपियन युनियनने तर ऑक्टोबर २०२३ पासून सुटं प्लास्टिक ग्लिटर विकण्यावर बंदीच घातलीय. बटणं, मणी, जाड रिबिनीचे बो हेही पोस्टाने जाणाऱ्या कार्डावर नको, पाकीट फुगतं, मशीनमध्ये अडकतं आणि बऱ्याच ठिकाणी जाडीसाठी जादा पैसे लागतात. काही चिकटवायचंच असेल तर सपाट चिकटवा आणि पांढरा गोंद अगदी पुसटसा लावा, जास्त लावला की त्यातल्या पाण्याने कागद फुगून लाटा येतात. चिकटवलं की रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

पाकिटं पण घरीच होतात आणि मला यातलं हे सगळ्यात आवडतं, कारण यात काहीच वाया जात नाही. साधा ए४ कागद घ्या, त्यातून २१ सेंटिमीटरचा चौकोन कापा, तो पतंगासारखा टोकावर उभा ठेवा, मधोमध कार्ड आडवं ठेवा. डावं उजवं टोक आत दुमडा, मध्ये जेमतेम भेटतात, थोडी फट राहिली तरी चालते, मग खालचं टोक वर दुमडून चिकटवा, फट त्याखाली झाकली जाते. वरचं टोक म्हणजे झाकण. घड्या कार्डाला अगदी घट्ट लावून घालू नका, चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर सोडा नाहीतर नंतर आत जात नाही.

आणि चौकोन कापल्यावर जी ८.७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते ना, ती फेकू नका. अशा २६ पट्ट्या उरतील तुमच्याकडे. त्यांची विणलेली हृदयं करायची. डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर कागदाची विणलेली हृदयं टांगतात, आतून पिशवीसारखी उघडतात, त्यात खाऊ किंवा चिठ्ठी घालता येते. तिकडचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं हृदय परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८६० मध्ये केलेलं आहे आणि ते तिथल्या ओडेन्स शहरात जपून ठेवलंय.

करायचं असं. उरलेली पांढरी पट्टी ७ सेंटिमीटर रुंद कापा, लांबी आहे तीच २१. तेवढीच दुसरी पट्टी रंगीत कागदाची घ्या, मासिकाचं चकचकीत पान चालेल, कागद पातळच हवा. दोन्ही पट्ट्या लांबीत अर्ध्यावर दुमडा. एका टोकाला घडी आली, दुसरीकडे दोन मोकळी टोकं आली, ती मोकळी टोकं एकत्र धरून अर्धगोल कापा, वाटी उपडी ठेवून पेन्सिल फिरवली तरी चालेल. मग घडीच्या बाजूने दोन सरळ काप घाला, साडेसात सेंटिमीटर लांब, म्हणजे तीन सारखे पट्टे होतात. काप रुंदीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त लांब ठेवायचे, हे विसरलात तर शेवटचा पट्टा बसत नाही आणि ओढला की कागद फाटतो. आता दोन्ही तुकडे काटकोनात धरा, घड्या एकमेकांकडे. विणायचं ते चटईसारखं वर-खाली नाही, एक पट्टा दुसऱ्याच्या पोटातून, म्हणजे त्याच्या दोन थरांमधून न्यायचा, पुढच्याला आपल्या पोटात घ्यायचा, परत पुढच्याच्या पोटातून. दुसऱ्या पट्ट्याला बरोबर उलट, तिसरा पहिल्यासारखा. शेवटच्या पट्ट्याशी थोडं झगडावं लागतं, आधीचे हलकेच वर सरकवा म्हणजे जागा होते. झालं की दोन बोटांनी उघडून बघा, खरंच पिशवी होते. पहिलं हृदय करताना मला अर्धा तास लागला होता, पाचवं पाच मिनिटांत झालं. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाला हे शिकवा, त्याला समजावून सांगत बसू नका, नुसते दोन तुकडे आणि एक तयार हृदय समोर ठेवा आणि विचारा हे कसं केलं असेल सांग. या वयातल्या मुलांना कोडं आवडतं.

गिफ्ट्सचं सांगते, पण मोजकंच, कारण तुम्ही २० गोष्टी वाचल्यात की २० करायला घ्याल. यादी कापल्यावर समजा आठ-नऊ जण उरले, तर त्यांच्यासाठी दोनच प्रकार करा, मोठ्यांना एक, लहानांना एक.

मोठ्यांना, खास करून पाठ-मान-गुडघे दुखणाऱ्यांना, तांदळाची शेकपिशवी द्या. जुना शंभर टक्के कॉटनचा शर्ट किंवा उशीचा अभ्रा घ्या, कॉटनच हवं, सिंथेटिक कापड मायक्रोवेव्हमध्ये वितळतं, आणि दोराही सुती, चेन किंवा धातूचं बटण अजिबात नको. साधारण ३० बाय १५ सेंटिमीटरची पिशवी शिवा, पिशवी पाऊण भरेल इतके कोरडे कच्चे तांदूळ घाला, पूर्ण ठासून भरू नका नाहीतर ती अंगावर बसत नाही, तोंड दुहेरी शिवून टाका. वापरायची कशी ते चिठ्ठीवर लिहून पिशवीला बांधा: मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याचा कप ठेवून आधी एक मिनिट, हात लावून बघायचं, लागलं तर अजून तीस सेकंद, जास्त नाही, मायक्रोवेव्हसमोरून हलायचं नाही, भिजवायची नाही. ज्यांना पायाला वगैरे गरम कळत नाही, डायबेटिसमध्ये पुष्कळांना असं होतं, त्यांना ही देऊ नका आणि बाळांजवळ ठेवू नका. माझ्या आईकडे मी दिलेली एक होती, कापड विरेपर्यंत वापरली तिने.

लहानांना जोड्यांचा खेळ द्या. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे ६ सेंटिमीटरचे २४ चौकोन कापा, सगळ्यांच्या मागे एकाच प्रकारचा खाकी कागद चिकटवा म्हणजे मागून ओळखता येणार नाही, आणि पुढे १२ चित्रांच्या जोड्या. चित्रं कुठली? घरातल्याच माणसांची आणि वस्तूंची, आजोबांचा चष्मा, मावशीचं मांजर, त्यांच्या दारातली सायकल. तुमची लेक ही काढेल आणि तिने काढलेलं आजोबांचं नाक कसंही आलं तरी चालेल. दोन-तीन घरांतल्या मुलांना द्यायचे असतील तर प्रत्येकाच्या घरातली चित्रं वेगळी घ्या, वेळ लागेल पण खेळ त्यांचा स्वतःचा होतो.

टीचर आणि शेजारी राहिले, त्यांच्यासाठी झाडावर टांगायला मिठाच्या कणकेचे तारे पुरेत. दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, साधारण एक कप पाणी पण एकदम ओतू नका, गोळा घट्ट आणि न चिकटणारा हवा. दहा मिनिटं चांगलं मळा, मळण्यात कंटाळा केलात तर नंतर तडे जातात. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापा, स्ट्रॉने भोक पाडा, भोक कडेपासून जरा आत, आणि ओव्हन असेल तर १०० ते १२० डिग्रीला दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाई करून तापमान वाढवलं की फुगतात. ओव्हन नसेल तर जाळीवर ठेवून रोज उलटत राहा, चार-पाच दिवसांत वाळतात, दमट हवेत जास्तही लागतात. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हे देऊ नका, खाल्लं तर इतकं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

काही गोष्टी मात्र करू नका, कितीही सोप्या दिसल्या तरी. घरचा साबण करायला कॉस्टिक सोडा लागतो, तो हात-डोळे भाजतो, मुलं आसपास असताना पहिल्यांदा करायची ती गोष्ट नाही. मेण थेट गॅसवर वितळवू नका, पेट घेतं. आणि तेलात लसूण किंवा ताजे हर्ब्ज घालून सुंदर बाटल्या देतात ना, त्या तर नकोच, साध्या तापमानाला राहिल्या तर त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरून, चवीवरून ते कळतही नाही.

गुंडाळायला वेगळा कागद नको. भेटवस्तूंचा आजचा नक्षीदार कागदसुद्धा अडचणीतूनच आलाय, १९१७ च्या नाताळात अमेरिकेत कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला साधा टिश्यू पेपर संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आत लावायचा फ्रान्सचा नक्षीदार कागद विकायला काढला आणि तो भराभर खपला. तुम्ही खाकी कागद आणि तोच बटाट्याचा ठसा वापरा, म्हणजे कार्ड, पाकीट, पुडकं सगळं एका घरातून आलेलं दिसतं. मागच्या वर्षी लोकांनी तुम्हाला दिलेली कार्डं असतील तर त्यांच्या पुढच्या चित्रातून नावाच्या चिठ्ठ्या कापा.

आता जिथे पैसा लागत नाही आणि लोक सगळ्यात कमी वेळ देतात तिथे येऊ, कार्डाच्या आत. कार्ड सगळ्यांना एकसारखं असेल तर आतला मजकूर प्रत्येकाचा वेगळाच हवा. शुभेच्छा छापील वाटतील अशा नकोत. त्या माणसाने या वर्षी केलेली एक गोष्ट आठवा आणि तेवढीच लिहा, दोन-तीन वाक्यं. उदाहरणार्थ शेजारच्या काकूंना: "काकू, सप्टेंबरमध्ये मला यायला उशीर झाला त्या दिवशी तुम्ही पिंट्याला जेवू घातलंत आणि त्याचं होमवर्कही करून घेतलंत. मी तेव्हा घाईत थँक यू म्हणाले, नीट म्हणायचं राहून गेलं. नाताळच्या खूप शुभेच्छा." बस. हे वाचून काकू ते कार्ड टाकून देणार नाहीत. असं २६ जणांबद्दल एका रात्रीत सुचत नाही, म्हणून आत्तापासून यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकेक शब्द लिहून ठेवा, "जेवण", "दवाखाना", "फोन", मग लिहायला बसाल तेव्हा अडणार नाही. आणि खरंच काही आठवत नसेल तर त्या माणसाला कार्ड का देतोय याचा विचार करा, कदाचित नाव कापायचं असेल.

जाऊबाईंचं. त्यांच्या वस्तूच्या तोडीचं काही देण्याचा प्रयत्न करू नका, त्या रस्त्याला अंत नाही. फोन करा, मेसेज नको, आणि सरळ सांगा: "वहिनी, यंदा आमचं जरा ओढाताणीचं चाललंय, म्हणून मोठ्यांची गिफ्ट्स आम्ही बंद ठेवतोय, मुलांना मात्र मी हाताने काहीतरी करून देणार आहे. तुम्हीही आम्हाला काही आणू नका, खरंच." त्या तरी आणतील कदाचित, आणली तर घ्या, हसून घ्या, परतफेडीचा हिशेब मनात धरू नका. गिफ्ट बंद म्हणालात तरी त्यांना एक शेकपिशवी आणि एक चांगलं लिहिलेलं कार्ड द्या. मिस्टरांना हे आधी सांगून ठेवा मात्र, त्यांच्या भावाच्या घरी ही गोष्ट त्यांच्या नकळत पोचली तर त्यांना लागेल, काम सुटलेल्या माणसाला अशा गोष्टी आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त लागतात.

आणि तुमचा मुलगा. तो चुकीचं बोलत नाहीये, त्याला भीती वाटतेय. त्याला "असं बोलू नये" म्हणू नका. त्याला घेऊन बसा आणि सांगा की हो, यंदा पैसे कमी आहेत, किती कमी ते सांगण्याइतका तो मोठा आहे, आणि ही गोष्ट आपण कोणापासून चोरून ठेवत नाही पण गावभर सांगतही नाही. मग त्याला विचारा, तुझ्या मित्रांना द्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणाला तर नाही. त्याच्या हाती यादी आणि पट्टी-पेन्सिल द्या, चौकोन मोजून कापायचं काम अचूक लागतं आणि ते या वयाच्या मुलाला जमतं, मिस्टरांनाही त्याच टेबलाशी बसवा, घड्या घालायला. शनिवारी संध्याकाळी टेबलावर वर्तमानपत्र अंथरा, बटाटा एक जास्तीचा ठेवा, पहिला बहुतेक बिघडतोच. आणि नंतर मला कळवा, हृदयाचा शेवटचा पट्टा आधी कोणाचा बसला, तुमचा की त्याचा.